जंपर

पस्तीस वर्षं खांबावर काढली.
खाली उतरलो, शाल घेतली, नारळ घेतला,
साहेब म्हणाले, बुटलेभाऊ, आता निवांत बसा.

बसता कुठं?
सोमवारी खैरीची मंडई.
लाकडी पाळणा अजून हातानं फिरवतो तो दिघोरीचा माणूस.
त्याला मीटर लागत नाही, फ्यूज लागत नाही,
म्हणून मी त्याच्याकडं नेहमी जरा संशयानं पाहत आलो.
या खेपेला बसलो.
वर गेल्यावर सवयीनं तार शोधली.
सापडली. कापणी झालेल्या बांध्यांवरून गेलेली
अकरा केव्हीची, माझ्याच हातची.

दुर्पता म्हणते,
"रिटायर झाले का बदली झाली तुमची?"
कॅलेंडरवर तिचा दुधाचा हिशेब असायचा,
त्याच चौकटींत मी गावं लिहीत सुटलो.
आता ती दुधाच्या रेघा चुन्यानं भिंतीवर मारते.

मंगळवार आणि बुधवार एकच दिवस धरा:
मोहटोल्याची दंडार रात्री नऊला उभी राहिली
ती कोंबडं आरवल्यावर बसली.
लुगडं नेसून नाचणारा पुनाजी पासष्टीचा.
मिशी उतरवली म्हणून घरी तीन दिवस अबोला.
पण कमरेवर हात ठेवून वळला असा,
की त्याची बायकोच शिट्टी मारून बसली
आणि मग पदरात तोंड लपवून बसली.

गुरुवारी विहारातल्या वाचनालयाचं उद्घाटन.
खुर्च्या वीस, भाषणं चार, पुस्तकं एकशे सात.
मला म्हणाले, दोन शब्द बोला.
मी म्हणालो, ट्यूबलाईट उजवीकडं घ्या,
वाचणाऱ्याची सावली पुस्तकावर पडते.

शुक्रवारी कुठं जायचं नव्हतं, तर तेरवी निघाली.
जगन लांजेवार. ज्याचा आकडा मी दोनदा तारेवरून काढला
आणि तिसऱ्यांदा काढला नाही.
फोटोला झेंडूचा हार, हाराभोवती लुकलुकती माळ.
जेवलो. लाखोळीचे वडे फार चांगले होते.
माळेची वायर कुठून आली आहे
ते पाहिलं नाही.

शनिवारी दिवसा शंकरपट, धूळ घशापर्यंत,
रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक.
दुर्पता पहिल्यांदा सोबत आली,
"येवढं काय असते ते पाहू द्या," म्हणून.
तणशीवर चादर टाकली, शेंगा घेतल्या.
तिसऱ्या अंकात, रात्रीचे दोन,
पोरगा आईसमोर उभा: "माय, मी तुझा..."
आणि लाईट गेली.
जनरेटर एकदा खोकलं, गप्प झालं.

अंधारात दोन हजार माना वळल्या.
"बुटलेभाऊ! ओ बुटलेभाऊ!"
माझा हात कमरेला गेला,
जिथं पट्टा असायचा तिथं मफलर.
दुर्पतानं मनगट धरलं. काही बोलली नाही.

मग डीपीजवळ एक बॅटरी हलली, चढू लागली.
कुमऱ्यांची प्रणाली. गेल्या वर्षी लागली नोकरीला.
तिला मी एवढंच शिकवलं होतं,
जंपर बांधताना श्वास रोखायचा नाही,
माणूस श्वास रोखतो आणि हात घाई करतो.
खाली उभा राहून इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं मी.
खालून खांब किती उंच दिसतो.
आमची माणसं अंगणातून असंच पाहत असतील का
वादळाच्या रात्री?

लाईट आली. मंडप ओरडला.
नटानं घाम पुसला आणि तुटल्या जागेवरून
वाक्य उचललं, पुरं केलं.
बाया रडू लागल्या. दुर्पताही.
मी अजून वर पाहत होतो,
ती उतरून, चप्पल घालून,
गाडीला किक मारेपर्यंत.

पहाटे घरी येताना रस्त्यात विचारलं,
"शेवटी काय म्हनला गं तो पोरगा मायले?"
"कुठं होते तुमी?"
"सांग ना."
"नाई सांगत.
सोमवारी परसोडीले हाय तेच नाटक.
तवा आयका."