खोक्यातून

एकतीस वर्षं मी त्याला खालून पाहिलं.
रंगमंचाच्या काठाशी एक खोकं असतं,
प्रेक्षकांकडे पाठ केलेलं.
त्यात मी, एक बुटका दिवा, आणि संहिता.
गाणाऱ्याच्या ओठांवर शब्द यायच्या आधी
अर्धा श्वास तो मी कुजबुजायचा.
त्रिएस्तेच्या ऑपेरात या कामाचा पगार मिळतो.
टाळ्या वरच्यावर जातात.

एर्मिनियो स्केर्क पहिल्यांदा आला
तेव्हा वाट्याला एकच ओळ होती:
‘गाडी तयार आहे, सरकार.’
बूट भाड्याचे, एक नंबर मोठे,
आत वर्तमानपत्राचे बोळे.
चालताना कागद चुरचुरायचा, तो फक्त मला ऐकू यायचा.
ओळ त्याने अशी टाकली
की सरकार झालेला बॅरिटोन
क्षणभर गाडीत बसायचंच विसरला.

बाप मोन्फाल्कोनेच्या गोदीत रिव्हेट ठोकायचा,
दोन्ही कानांनी ठार बहिरा.
पहिल्या रांगेत बसून त्याने वादकांपुढच्या कठड्यावर
तळहात ठेवला होता,
लेकाचा सूर हाताला लागतो का बघायला.

सातव्या हंगामात, फेब्रुवारीत,
बोरा वारा सुटला. चढावर लोकांना धरायला
नगरपालिकेने दोर बांधले,
आणि मोठा टेनर हॉटेलात घसा धरून बसला.
त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं:
वरचा सी यायच्या आधी
एर्मिनियोच्या डाव्या बुटाचं टोक आत वळतं,
थंडीत मूल पाय आखडतं तसं.
मग टाच उचलते.
मग काय होतं ते माडीवरच्यांना विचारा.
माझ्या कपाळावर थुंकीचे तुषार आले
आणि दिव्याची काच किणकिणली.

मग लिस्बन, मग ब्यूनोस आयर्स.
त्याच्या पत्रांत शहर नसायचं, घसा असायचा:
ल्यों, हवा कोरडी.
माँटेव्हिडिओ, कफ, पण सुटतो आहे.
ओस्लो, अंडं आणि मध, बरं वाटलं.
परतायचा तेव्हा पायांत व्हिएन्नाचं चामडं,
मापाने शिवलेलं, मांजरासारखं निःशब्द.
प्रयोगाच्या दिवशी घरात बोलायचा नाही,
पाटीवर लिहायचा: मीठ दे. खिडकी लाव.
ब्रुनिल्देने एका सकाळी पाटी ओल्या फडक्याने पुसली,
जागेवर टांगली,
आणि गोरित्सियाला भावाकडे गेली.

बावन्नाव्या वर्षी सूर फाटला.
धुतलेली चादर वाळत असताना मधोमध टरकावी तसा,
काही कारण नसताना.
माडीवरून शिट्टी आली, एकच.
बूट वळले, माझ्याकडे.
पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं.
शब्द मी दिला असता.
सूर देता येत नाही.

पुढच्या हंगामात वादकांच्या कागदांवर
पेन्सिलीने लिहून आलं: अर्धा स्वर खाली.
कुणी काही बोललं नाही, टाळ्याही तेवढ्याच पडल्या.
मला बुटावरून कळलं,
टोक आत वळलंच नाही.

नंतरची नऊ वर्षं म्हातारे राजे, पुजारी, वेडसर काका.
शेवटी शेवटी तर
कुणा पोरगेल्या सरकारला तोच सांगायचा, गाडी तयार आहे,
आणि एका रविवारी दुपारच्या खेळाला
तीही ओळ विसरला.
मी दिली. पाठमोऱ्याने मान हलवली,
दुकानदाराला सुट्टे पैसे मिळाल्यावर हलवावी तशी.

निरोपाच्या रात्री, सगळे गेल्यावर,
तळघराच्या जिन्याने खाली आला. खोक्यात मावेना.
मी पाय जवळ घेतले. त्याने डोकं वर काढलं,
रिकाम्या फळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला.
‘इथून मी कसा दिसायचो?’

मी म्हटलं, टाचा बाहेरच्या बाजूने झिजतात तुझ्या.
बदलून घे.

हसला. खोकला आला, तो जाऊ दिला.
‘आणि गाणं?’

मी दिव्याची वायर गुंडाळत होते.
गाणं,
एर्मिनियो, मी नेहमी पुढचा शब्द वाचत असायचे.