पासंग

मानवतच्या सराफ्यात, आमच्या दुकानी,
चांदीच्या काट्याचं डावं पारडं मूळचं नव्हतं.
मूळचं कसं गेलं ते घरात कुणी सांगत नसे.
नवं आलं ते पातळ, हलकं,
म्हणून आजोबांनी त्याच्या पोटाखाली
तारेनं टांगला तांब्याचा एक पैसा,
हालीचा, वळणदार अक्षरांचा, मधोमध भोक पाडून.

पासंग.
शाळेत बाई एकीला म्हणाल्या,
तू तिच्या पासंगालाही पुरणार नाहीस,
तेव्हा मला वाटलं
आमच्या दुकानी कुणीतरी फार मोठं टांगलेलं आहे.

धनतेरसेच्या आदल्या दिवशी सगळं घासायचं.
मी नऊ वर्षांची. दादा परभणीला गेलेले.
तेजाबाच्या बाटलीला हात लावायचा नाही, हे ठाऊक होतं,
म्हणून मी स्वयंपाकघरातलं आंबट शोधलं.
शिळ्या ताकात पैसा रात्रभर ठेवला,
नुसता ओशट झाला.
अर्ध्या लिंबानं कडा उघडल्या.
लोणच्याच्या खारात बुडवला तर आईनं पाठीत धपाटा घातला.
शेवटी चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, आणि अंगठा.
वाटीत हिरवट ढग उठला,
आणि त्याखालून पैसा निघाला
नुकत्या खरचटलेल्या गुडघ्यासारखा,
गुलाबी, ओला, बघवेना असा.

मी तो परत तारेत ओवला.

दादा आले, हातपाय धुतले, गादीवर बसले,
सवयीनं काटा उचलला
आणि थांबले.
काटा अगदी सरळ उभा होता.
दादांना तो वाकडा वाटला.
डोळे चोळले, परत उचलला.
मग खाली वाकून पारड्याचं पोट बघितलं.
"काहून घासलंस गं हे?"
रागावले नव्हते. तेच वाईट.

त्यांनी डब्यातून एक गुंज काढली,
लाल, काळ्या डोळ्याची,
डाव्या पारड्यात ठेवली.
काटा केसभर कलला
आणि उभा राहिला तिथं,
जिथं तो त्यांनी जन्मभर बघितला होता.

डावीकडे वजनं, उजवीकडे चांदी.
डावं जड, तर उजवीकडे चांदी जास्त लागते.
विकताना आमचं जातं, घेताना आमच्याकडं येतं.
बाबूमियाँ मुनीम म्हणाले,
"फिटंफाट झाली असंल की मालक."
दादा म्हणाले,
"त्या दोन सालांत आपल्याकडून घेतलं कुणी?"
आणि वही काढली. बहात्तर. त्र्याहत्तर.
पानंच्या पानं फक्त आवक.
गोठ. तोडे. करदोडा.
आसराबाई, रामपुरी, वाळ्यांची जोडी, लेकराची.
दादांचं बोट ओळीओळीवर थांबत खाली गेलं.
प्रत्येक ओळीला एक गुंज, कुठं जास्त, कुठं कमी,
हिरवं किती चढलं होतं त्यावर.
ते कोण सांगणार?
तेवढं तर मी वाटीत धुऊन
मोरीत ओतलं होतं.

त्या दिवाळीत दुकानी आलेल्या प्रत्येक बाईला
दादांनी चांदी झुकतं माप देऊन दिली.
आई आतून बघत होती.
रात्री ताट वाढताना म्हणाली,
"ह्या त्या बाया नव्हत."
दादा जेवत राहिले.

आता दुकान भावाकडे.
काचेच्या पेटीत लाल आकडे पळतात,
बटण दाबलं की सगळं शून्य.
जुना काटा मोडीत गेला.
पैसा मी मागून घेतला.
तो माझ्या कपाटात, सुती रुमालात असतो.
धनतेरसेला मी तो भावाच्या मशीनवर ठेवते,
आकडा बघते आणि कुणाला सांगत नाही.
कडेनं परत हिरवं धरलंय,
आत, अक्षरांच्या वळणात, थोडं काळं.

भावाची मुलगी विचारते, "आत्या, घासून देऊ? चिंच आहे घरात."
मी म्हणते, राहू दे.