एक मिसळ, दोन चमचे

आदगोंडा, तुझ्या चपला अजून माझ्याकडंच आहेत.
सीपीआरच्या वॉर्डाबाहेर काढून ठेवलेल्या,
टायरचा तळ, तीनदा बदललेले अंगठे.
एक्स-रेला जाताना तू माझ्या घातल्यास,
आठवड्यापूर्वी घेतलेल्या, करकरीत,
आणि त्या नंतर कुणालाच सापडल्या नाहीत.
व्यवहारात तू शेवटपर्यंत नफ्यात.

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर चाळीस वर्षं कारकुनी.
पट्टीच्या पुढच्या अंगाला रवे, वजन, दर, हमाली.
पाठीवर तुझं घर:
दुधाचे खाडे, थोरलीच्या लग्नाची यादी,
आणि मला लिहिलेली पत्रं.
दोन गल्ल्या पलीकडं राहायचो मी.
स्वतः आणून द्यायचास, समोर बसून वाचायला लावायचास,
वर चहा.
“पोस्टानं धाडलं असतं,” म्हणायचास,
“तर तिकिटाचे पैसे गेले असते
आणि हा चहा पोस्टमन प्याला असता.”
गुळाचा वास यायचा त्या कागदांना.
एकदा मुंग्या लागल्या.
“बघ, वाचक वाढले.”

गंगावेशीत दाराजवळचं बाकडं. एक मिसळ, दोन चमचे.
कट तीनदा.
चौथ्यांदा वाटी पुढं केलीस तेव्हा मालक वैतागला,
“आण्णा, कटाचं बी पैसं लावू का आता?”
तू टक्कल पुसलंस, नाक पुसलंस, लालबुंद चेहरा रस्त्याकडं केलास.
“लाव की.
पण हितं दारात घाम गाळत बसतोय ती जाहिरात हाय तुझी.
बोर्ड रंगवायला किती घेत्यात, आधी चौकशी कर.”
त्यानं कट वाढला. पावही वाढला असता,
पण तू नको म्हणालास.
पावाचे पैसे पडतात.

बिल विषम आलं की वरचा रुपया माझ्याकडं.
पस्तीस वर्षांत एकदाही ते तुझ्याकडं वळलं नाही.
मी कधी मोजलं नाही, असं तुला वाटत असेल.

डॉक्टर म्हणाले, मीठ बंद.
“घ्या! घरात एवढंच काय ते स्वस्त होतं.”
नर्स हसली. तुझी बायको हसली नाही.
मी खिडकीकडं बघत राहिलो.

पंचगंगेच्या काठाला लाकूड-शेणी महापालिकेची. फुकट.
त्यावर तुझं ठरलेलं भाषण होतं:
“जन्मभर घरफाळा भरला,
त्यातलं एवढंच परत मिळायचं,
आणि नेमकं तेव्हाच मोजून घ्यायला आपण शुद्धीत नाही.
तू मोजून घे. कमी दिल्या तर भांड.”

मोजल्या रे.
खरंच मोजल्या.
ओठ हलत होते म्हणून लोकांना वाटलं णमोकार म्हणतोय.
दोनशे अकरापर्यंत आलो
आणि कुणीतरी खांद्यावर हात ठेवला, तिथं चुकलो.
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं
तोवर पेटली होती.

येताना दानपेटीत पाचशेची नोट टाकली.
पायऱ्या चढेपर्यंत कानामागं तुझंच:
“सुटे नव्हते व्हय रं?”

परवा गंगावेशीत गेलो.
पोऱ्यानं न विचारता दोन चमचे ठेवले.
एक उचलून नेईल म्हणून थांबलो. नेला नाही.
मिसळ अख्खी आपल्याला संपत नाही
हे साठाव्या वर्षी कळलं.
उरलेली टाकवेना, तुझ्या भीतीनं.

घरी तुझ्या चपला कोपऱ्यात.
एक नंबरानं लहान, टाच मागं लोंबते.
तरी घालतो, पेठेपुरत्या.
काल डाव्या पायाचा अंगठा तुटला.
तिकटीवरचा चांभार उलटसुलट करून म्हणाला,
“टाका की आता, काका.”
म्हटलं, बसव.
“साठ हुतील.”

आणि आदगोंडा, शपथ घेऊन सांगतो,
मी तोंड उघडायच्या आत तोंडातनं आलं:
“एकाच पायाचा तुटलाय लेका,
दोन्हीचं कशाला सांगतोस?”