चाळीस दिवसांचा कांदा

आज सकाळी पुन्हा जिंकलं कोणीतरी.
पुंडलीक खोर्जुवेकर दुकानात शिरला तोच विजय घेऊन,
फोन ठेवला थेट वजनकाट्यावर.
काटा दोनशे ग्रॅमवर थांबला.
"वाच," म्हणाला, "आठवड्यात आटोपतंय सगळं.
सामुद्रधुनी मोकळी. शत्रूचं कंबरडं मोडलं."

कंबरडं गेल्या महिन्यातही मोडलं होतं,
त्याआधी एकदा चवथीच्या सुमारास.
मी विचारलं, एका शत्रूला
कंबरडी असतात तरी किती?

कायतान बाकावर उंडो चहात बुडवत होता.
तीस वर्षं जहाजाच्या इंजिनाशी काढलेला माणूस,
अर्ध्या कानानं ऐकतो, दुप्पट आवाजात बोलतो.
"हे कोण सांगतो?"
पुंडलीकनं नाव सांगितलं.
"तो बसतो कुठे?"
माहीत नव्हतं.
"त्याच्या खिडकीतून समुद्र तरी दिसतो?"

पुंडलीक चिडला.
"परवा दोन टँकर बुडाले म्हणाले,
तेव्हा नाही विचारलीत कुणाची खिडकी!
आणि त्यातला एक काल बाहेर उभा होता, बायण्यासमोर,
गंजलेला, पण अख्खा.
वाईट असलं की तुम्हाला लगेच खरं वाटतं."

ह्यावर आम्ही दोघंही गप्प.
चहावर साय धरली.

माझ्याकडे पुरावा म्हणून एक मागणीवहीच.
मुरगावच्या बाहेर नांगर टाकून पडलेली जहाजं,
त्यांना मी पुरवतो भाजी, दोर, साबण, काड्यापेट्या.
वही उघडून दाखवली:
माणसं बावीस. कांदा एकशे बत्तीस किलो.
माणशी दीडशे ग्रॅम धर रोजचा,
भागून बघ.
आठवड्यात निघणारं जहाज
चाळीस दिवसांचा कांदा भरत नाही.
भंडारी खोटं लिहीत नाही, पुंडलीक,
खोटं लिहिलं तर त्याचाच कांदा सडतो.

"उतरलाय म्हणून घेतला असेल," पुंडलीक म्हणाला.
आणि उतरला होताच,
किलोमागे आठ रुपयांनी.

तेवढ्यात खारीवाड्याची पिएदाद आली, फिनेलला.
तिचा आग्नेल पलीकडे अडकलाय,
सामुद्रधुनीच्या त्या तोंडाला,
अशाच एका जहाजावर, भंडारीच.
पुंडलीकनं फोन पुढे केला.
तिनं तो घेतला नाही.
माझी वही तिच्या बाजूनं उलटी होती,
तशीच वाचली, बोट फिरवत:
पीठ, डाळ, लिंबं.
"टोमॅटो नाहीत," म्हणाली.
घरात राहून जहाजाचा स्वयंपाक कळतो तिला.
टोमॅटो टिकत नाहीत.

कायताननं कप खाली ठेवला.

"हे कधी लिहिलं?"
काल संध्याकाळी, मी सांगितलं.
"आणि बातमी?"
"आजची," पुंडलीक म्हणाला, "पहाटेची."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली.
"त्या भंडाऱ्याला काल ठाऊक नसणार."

फिनेलची बाटली घेतली,
आणि सुटा कांदा एक किलो.
नेहमी अर्धा नेते, सासू नि ती, दोघींपुरता.
कायतान काही बोलणार होता. उंडो तोंडात घातला.
पुंडलीकनं काट्यावरचा फोन काढला,
न सांगता.
मी कांदे टाकत गेलो,
पंख्याच्या वाऱ्यानं पारडं हलत होतं,
एक किलो केव्हाच झाला होता बहुतेक.