दुपदरी

शर्टाचं बटन लावताना मी दोरा दुपदरी घेतो.
एकेरी दोरा आठवडा काढतो.
म्हणून डॉक्टर मुंदडा जेव्हा म्हणाले,
"मन्मथअप्पा, एका औषधानं आता भागत नाही,
दोन औषधं एकाच गोळीत देतो,"
तेव्हा मला फार समजवावं लागलं नाही.
वसमतला मोंढ्याच्या रस्त्यावर
छत्तीस वर्षं मी तेच करतोय.

समजायचं राहिलं ते दुसरंच.
नवी गोळी लांबट, अर्धी पांढरी, अर्धी गुलाबी.
जुनी हिरवी, तुरीच्या डाळीएवढी.
जुन्या स्ट्रिपमधी सात शिल्लक होत्या.
शिंप्याला चिंधी टाकवत नाही,
तो गोळी काय टाकणार?
मी नवीसोबत जुनीही घेत गेलो.
चार दिवस काही झालं नाही.

पाचवा दिवस सोमवार.
सोमवारी मी अंधार पडेपर्यंत जेवत नाही,
बाप पाळायचा म्हणून.
गोळ्या तेवढ्या घेतल्या, पाण्यासोबत, दोन्ही.

साडेबाराला सुईत दोरा जाईना.
आधी वाटलं चष्मा. मग वाटलं सुई.
पंखा चालू, आभाळ भरलेलं,
आणि बनियन पिळून घ्यावी असा घाम.
शिवकांता सांगते, मी तिला म्हणालो, "माप दे."
"कशाचं?"
"माझं."
आणि ओरडलो म्हणे. मला ते आठवत नाही.
एका नवरीच्या ब्लाउजची डावी बाही
मी उजवीकडं जोडून ठेवली होती.
टाके सरळ. एकदम सरळ.

समोरच्या मेडिकलमधून अंजुम अनवाणी पळत आली.
बोट टोचलं. अठ्ठेचाळीस.
"अप्पा, गिळता येतंय का?" पहिलं हे विचारलं,
मग अर्ध्या ग्लासात तीन चमचे साखर.
बारा वर्षं जिला घराबाहेर उभी केली होती
तीच उंबरा ओलांडून आत आली
आणि हाताला धरून मला उठवलं.
पंधरा मिनिटं अंजुम घड्याळाकडं बघत बसली.
पुन्हा टोचलं. शहात्तर.
मग भाकर, वरण, सोमवार असून.
महादेवानं काही हरकत घेतली नाही.

मुंदडांनी फोनवर सांगितलं,
"आता बरं वाटलं तरी आजची रात्र एकटं सोडू नका,
ही गोळी पुन्हा खाली ओढते. आत्ताच घेऊन या."

दुसऱ्या दिवशी अंजुम म्हणाली, "सगळ्या स्ट्रिपा आणा. सगळ्या."
काचेवर मांडल्या. वर नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या.
तिनं दोन्ही पालथ्या केल्या.
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात
दोन्हीवर एकच शब्द: ग्लिमेपिराइड.
"हे त्यात आलेलंच आहे, अप्पा.
एका काजाला दोन बटनं लावलीत तुम्ही."
माझ्याच धंद्याच्या भाषेत बोलली
म्हणून लाज जास्त वाटली.

आता हिरवी बंद.
गोळी ताटावर, पहिल्या घासाच्या आसपास.
ताट नाही तर गोळीचं काय, ते मुंदडांना विचारायचं,
उपास धरायच्या आधी, धरल्यावर नाही.
विसरली तर उद्या दोन घ्यायच्या नाहीत.
वर्षातून एकदा किडनीचं रक्त.
खिशात साखरेची पुडी, शर्टाच्या आतल्या खिशात,
तो खिसा मीच शिवला.

पँटची कंबर आत घ्यायला कुणी आलं
की मी टेप लावत विचारतो,
"तीन इंच उतरली काहून? साखर तपासली का?"
कुणी हसतं. परवा एकानं खिशातून स्ट्रिप काढली,
मी ती आधी पालथी केली.

नवरीची बाही उसवायला अख्खी दुपार गेली.
सरळ टाके लवकर निघत नाहीत.

सकाळी शिवकांता चुलीवरून ओरडते, "माप?"
मी बोट पुसत सांगतो,
"एकशे अठरा."
"मग या, भाकर गार होते."