तेहतिसावी जागा

डिसेंबरात ट्रोम्सोला सूर्य उगवत नाही,
म्हणून रक्तपेढीत मी वेळ मोजते शेकरवर.
मागे-पुढे, मागे-पुढे, बावीस अंशांवर
पिवळट पिशव्या हलत असतात दिवसरात्र.
थांबल्या, की आतल्या प्लेटलेट एकमेकींना बिलगतात
आणि मग कुणाच्याच उपयोगाच्या राहत नाहीत.

सव्वातीनला वरून फोन: सुनिवा हेट्टाची मुलगी,
जन्मून चार तास, अंगभर जांभळे ठिपके,
कुणी टाचणीने टोचत टोचत मोजदाद करावी तसे.
आकडा नऊ हजार.
दीड लाख हवेत तिथे.

बापाचं तपासलं, मग आईचं.
रक्तगट जुळतो, ऱ्हीसस जुळतो, सगळं आलबेल.
पण प्लेटलेटच्या पाठीवर एक प्रथिन असतं,
त्याच्या तेहतिसाव्या जागी
बहुतेकांकडे ल्युसिन.
सुनिवाकडे प्रोलिन.
बस, काना-मात्रेइतका फरक.
ध चा मा.
तेवढ्यावरून तिच्या रक्ताने पोटातल्या पाहुणीला
परकी ठरवलं, आणि प्रतिपिंड धाडले
ज्या वाटेने साखर धाडत होतं, त्याच वाटेने.
तिला पत्ताही नव्हता. तिला तेव्हा
सुक्या माशांचे डोहाळे लागले होते.

शंभरात दोघं असे. आमच्या यादीत एकोणीस.
एइलर्टला उठवलं, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो तो.
कुणासाठी, काय झालं, काही विचारलं नाही.
निघालाही. मग लिंगेनजवळ रस्ता बर्फाने बंद.

डॉक्टर तोर्गुन खिडकीशी उभी राहून म्हणाली,
आईच्याच घेऊ.

बाळंतपणाचा घाम अजून वाळायचा होता.
यंत्राने दीड तास तिचं रक्त गरगरवलं,
लाल परत, पिवळं बाजूला.
"माझ्याच रक्ताने केलंय ना हे?"
मी मान डोलावली. रात्रपाळीत मला खोटं बोलता येत नाही.
"आणि तेच देताय तिला?"

तेच. धुवून.
मिठाच्या पाण्याने एकदा, पुन्हा एकदा.
राग सगळा प्लाझ्मात होता, तो ओतून दिला.
उरल्या नुसत्या प्लेटलेट,
ज्यांच्यावर ते अक्षर मुळातच नाही
जे शोधत तिचं रक्त फिरतंय.
किरणांखालून काढली, दिव्यासमोर धरून हलवली पिशवी:
आत धूर वळावा तशी झिलई फिरली.
जिवंत आहेत.
पन्नास मिलिलिटर. अर्धा कप कॉफी.

आठला आकडा एकसष्ट हजार.
डोक्याच्या सोनोग्राफीत रक्त नाही.
तोर्गुन जिन्यात बसली आणि तिथेच झोपली.

एइलर्ट साडेनऊला आला, बर्फ ढकलणाऱ्या गाडीतून,
भुवया पांढऱ्या. "उशीर झाला?"
मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.
खुर्ची दाखवली. परवा आकडा पुन्हा घसरेल;
आईचे प्रतिपिंड बाळात आठवडे-आठवडे रेंगाळतात.
सुई टोचताना त्याने विचारलं, माझ्यात असं आहे तरी काय?
तेहतिसावी जागा सांगितली. जरा विचार करून म्हणाला,
"म्हणजे नट तोच, आटे वेगळे."
गेली सोळा वर्षं मी विद्यार्थ्यांना हे
चार पानांत शिकवते.

जाताना दोन वॅफल खाल्ले, तिसरं खिशात घातलं.

त्याची पिशवी आता शेकरवर आहे, मंगळवारपर्यंत चालेल.
मुलीचं नाव अजून ठरलेलं नाही,
म्हणून चिठ्ठीवर लिहिलं: हेट्टा, मुलगी.
अकराच्या सुमारास खिडकी थोडा वेळ निळी होते,
त्याला इथे दिवस म्हणतात.
घरी जाण्याआधी शेकरचं बटण पाहिलं.
चालूच होतं.
पुन्हा पाहिलं.