पाऊणपट

बाटली टेबलावर ठेवली तशी खुळखुळली.
चार महिन्यांनी खुळखुळायला नको होती.

शंभर गोळ्यांची बाटली.
रोज एक, सकाळी, उपाशीपोटी,
मीच सांगितलं होतं लेबलवर बोट ठेवून,
आणि सत्यवती खवणेकरांनी मान हलवली होती.
समजलं ना?
व्हय गो बाय, समाजला.
नोंदवहीत मी टिक केली: समुपदेशन दिले.

आता गोळ्या ट्रेमध्ये ओतून मोजते.
एकाहत्तर.
बाहेर बाकावर रांग, कुणाच्या तरी पिशवीतून
खाऱ्या बांगड्याचा वास,
माझ्या हातात नवा रिपोर्ट, आकडा मागच्याहून वर,
आणि देवगडच्या डॉक्टरांची चिठ्ठी:
डोस वाढवा.

ओरडायचं होतं. शब्द ओठांशी आलेले.
का कोण जाणे, म्हटलं, मावशी,
कशी घेता गोळी, मला सांगा ना.

"आता ह्या काय इचारतंस? तूच सांगलंस मां, उपाशी.
सोमवारी घेतंय, संकष्टीक घेतंय,
एकव एकादस चुकवलंय नाय.
तापान निजलेलंय त्या सोमवारीय घेतलंय,
साबुदाण्याच्या खिचडीवांगडा."

सतरा सोमवार, आठ एकादशा, चार संकष्ट्या.
एकोणतीस.
शंभरातून वजा करून बघा,
त्यांचा हिशेब गोळीपर्यंत चोख.
शब्द तेवढा माझ्या टेबलावर पोटाचा होता,
तांबळडेगच्या वाडीत पोचेतो देवाचा झाला.

मी काही बोलणार तोच त्यांनी विचारलं,
खाडीपलीकडच्या बाळंतिणीकडे आज जायचं ना?
पुळणीवरून?
"आज सातम. तिथीची पाऊणपट करूची,
तितक्या वाजता पुरी भरती. समाजला?"

मी मान हलवली.
मी पार वाशीमची, समुद्र पाहिला तो नोकरीच्या ऑर्डरनंतर,
पण मान मला छान हलवता येते.

"मान नको हलवू. सांग बगया,
पाणी कदी भरतला?"

सात? म्हटलं. मग म्हटलं, साडेसात.
बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
त्या हसल्या नाहीत.
"थांब, माका नीट सांगूक इला नाय,"
असं म्हणाल्या त्या, तेही माझ्या चुकीवर,
आणि माझा हात ओढून बोटांवर मोजू लागल्या,
जाळी विणून खरखरीत झालेल्या अंगठ्याने:
साताचं अर्ध साडेतीन,
त्याचं अर्ध पावणेदोन,
दोन्ही एकत्र कर.

सव्वापाच.

"आनी उद्या?"
आठ... सहा वाजता.
"हां. आता बोल गोळीचा."

मलाही नीट सांगता आलं नव्हतं, मावशी,
हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणत होते, जरा अडखळले.
मग सांगितलं: रोज. उपास असो, बांगडा असो.
चहाच्या आधी, नुसत्या पाण्याबरोबर.
घरी सुनेला काय सांगाल?

"सुनेक कित्याक? घोवाक सांगतलंय, तो चाय करता.
तोंड धुतलंय काय गोळी,
मगे अर्धो तास देवाचा नाव,
मगे चाय. रोज."

देव पुन्हा आलाच. पण आता अर्ध्या तासापुरता,
आणि जागाही अगदी हवी तिथे.
डोसची चिठ्ठी मी टाचणीने बाजूला लावली,
डॉक्टरांना आधी फोन करायचा.

चार वाजता पुळणीवर, चपला हातात.
ओली वाळू घट्ट होती, पाणी अजून खाली,
मी सव्वापाच, सव्वापाच पुटपुटत चालले
आणि पिशवीत ती नोंदवही,
पानापानावर माझ्याच अक्षरात टिका, एकाखाली एक,
समुपदेशन दिले, समुपदेशन दिले,
किती घरांतल्या फळ्यांवर, तांदळाच्या डब्यामागे,
किती बाटल्या असतील
भरलेल्या.